वर्तणूक : चांगली

माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक पिवळा पडलेला कागद आहे. घड्यांवर तो फाटत चालला आहे आणि मागून चिकटपट्टी लावून मी त्याला कसाबसा जिवंत ठेवला आहे. तो माझा शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या घरात दहावीला अजूनही मॅट्रिकच म्हणतात, आणि त्या अर्थानं मी मॅट्रिक आहे. पुढं चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत लागलो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद जडला. माझ्या कादंबऱ्यांतले नायक बी. ए., एम. ए. असतात, त्यांचा कर्ता मात्र या एका कागदावर उभा आहे.

२०२३ साली हा कागद बाहेर काढावा लागला. धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, एडिसन गावी राहते. तिनं एकदा येऊन जाण्याचा लकडा लावला होता, आणि पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. जन्मतारीख पाहता पाहता नजर खाली घसरली. 'अभ्यासातील प्रगती : बरी.' त्याबद्दल माझी तक्रार नाही. गणिताच्या मास्तरांनी तिथं आणखी काही लिहिलं नाही हा त्यांचा मोठेपणा. पण त्याच्या खालीच होतं, 'वर्तणूक : चांगली.' हा शब्द मी इतक्या वर्षांत कधी थांबून वाचला नव्हता. त्या दिवशीही थांबलो नाही. कागदाच्या झेरॉक्स प्रती काढल्या आणि तो पुन्हा ट्रंकेत टाकला.

खरं म्हणजे या शब्दाशी माझी रोजची ओळख. हल्ली प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. पण वर्ग साठ मुलांचा आणि दिवस एक, अशी वेळ आली म्हणजे मास्तरांचं वर्णन आटतं. चहाचा पेला शेजारी ठेवून मी पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत 'चांगली, चांगली' लिहीत जातो. मुलं खरोखर चांगलीच असतात. तरी साठ मुलं एकाच मापाची चांगली असतील, हे मात्र मला स्वतःलाही पटत नाही.

हे सारं पुन्हा आठवायला कारण झालं ते माझ्या भाचीचं. २०२४ च्या फेब्रुवारीत ती तिकडच्या हायस्कुलात दहावीत होती. तिकडं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. एके सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बहिणीनं तिच्या शाळेचं पत्र टाकलं. पत्र 'नॅशनल ऑनर सोसायटी'बद्दल होतं. मुलीचे गुण या मंडळाच्या अटीत बसतात, तेव्हा निवडीसाठी तिचा विचार होऊ शकेल, असा मजकूर. लगोलग मावश्यांनी जोडलेले हात पाठवले, चुलत्यांनी लाडू पाठवले, आणि एका आजोबांनी विचारलं, "महिन्याला किती रुपये मिळणार?" रुपये मिळणार नाहीत हे कळल्यावर गट थंड झाला. उरलो मी. घरात मास्तर एकटाच असल्यामुळं, हे नेमकं काय प्रकरण आहे ते समजून घेण्याचं काम माझ्याकडं आलं.

समजून घेतलं, ते वाचकांनाही सांगतो. हुशार विद्यार्थ्यांचा मान करणारी मंडळं त्या देशात फार जुनी आहेत. कॉलेजातलं पहिलं, 'फाय बीटा कॅपा', १७७६ साली निघालं. म्हणजे आपल्याकडं पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी. हायस्कुलातल्या मुलांसाठी हे मंडळ १९२१ साली काढलं, ते माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं. पिट्सबर्ग शहरातले एक मुख्याध्यापक, एडवर्ड राइनरसन, हे त्याचे संस्थापक समजले जातात. आज अमेरिकेतल्या हजारो शाळांत त्याच्या शाखा आहेत.

मंडळाचे चार खांब सांगतात : विद्या, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. पैकी विद्येचा प्रश्न सोपा. निदान ८५ टक्के गुण हवेत; एखाद्या शाळेला हा आकडा वाढवता येतो, खाली आणता येत नाही. पण तेवढ्यावर कुणी आत जात नाही. पुढं मुलानं एक माहितीपत्रक भरायचं : कोणती कामं केली, कुठं पुढाकार घेतला, लोकांची सेवा किती केली. मग मुख्याध्यापकांनी नेमलेले पाच शिक्षक बसून निवड करतात. मुख्याध्यापक स्वतः त्या पाचांत नसतात. मंडळ चालवणारे सल्लागार शिक्षक बैठकीला असतात, पण त्यांना मत नसतं. एकदा निवड होऊन पुढं कुणाला मंडळातून काढलं, किंवा कुणी आपण होऊन राजीनामा दिला, तर त्याला पुन्हा कधीही आत घेत नाहीत. मात्र काढण्यापूर्वी त्या मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. हा नियम वाचताना मी जरा थबकलो होतो. का थबकलो, ते पुढं येईलच.

माझ्यातल्या मास्तराला खरं कुतूहल होतं ते चौथ्या खांबाचं. गुण मोजता येतात, सेवेचे तास मोजता येतात, नेतृत्व म्हणजे कुठं कॅप्टन होतास, कुठं चिटणीस होतास ते लिहिता येतं. पण चारित्र्य? पाच भल्या शिक्षकांनी एका टेबलाभोवती बसून सोळा वर्षांच्या पोराचं चारित्र्य पाहायचं ते कुठल्या चष्म्यातून? यावरून तिकडं कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. १९९८ साली केंटकी राज्यात दोन मुलींना, गुण उत्तम असूनही, मंडळात घेतलं नाही. कारण लग्नाआधीच त्यांना दिवस गेले होते. मुली कोर्टात गेल्या. मुलांच्या खासगी वागण्याची अशी चौकशी शाळा करत नाही आणि मुलींचं मात्र दिसतं म्हणून शिक्षा होते, हा मुद्दा पुढं आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीला न्यायाधीशांनी मुलींना आत घ्यायचा हुकूम दिला. मला त्यातली एकच गोष्ट मनाला लागली. चारित्र्य बघायला बसलेली माणसं बहुधा जे डोळ्यांना दिसतं तेवढंच बघतात.

असो. भाचीच्या शाळेतल्या शाखेचा नियम असा होता, की वर्षभरात निदान वीस तास सेवा झालेली असावी, आणि प्रत्येक तासापुढं ज्यानं ते काम पाहिलं त्याची सही असावी. मला ऐकून मोठी मौज वाटली. आपल्याकडं पुण्याचा हिशेब चित्रगुप्तावर सोपवून माणसं निर्धास्त असतात; तिकडं पुण्याचंही मस्टर आहे!

ही थट्टा मी व्हिडिओ कॉलवर भाचीला ऐकवली. ती हसली नाही. आमच्याकडं सकाळचे सात वाजले होते, तिच्याकडं आदल्या रात्रीचे साडेआठ. मी एका हातानं शर्टाची बटणं लावत होतो.

"मामा, तू टीचर आहेस ना? मग एक विचारू? आईला सांगू नकोस."

गोष्ट एवढीशी होती. गावात एक फूड पॅन्ट्री आहे. म्हणजे गरजू कुटुंबांना धान्य आणि डबाबंद पदार्थ फुकट देण्याची जागा. डब्यांवरच्या तारखा तपासायच्या आणि ते फळ्यांवर रचायचे, असं काम ही रविवारी करत असे. जानेवारीतल्या एका रविवारी चार तासांचं काम होतं. तिथल्या बाईंनी मुलं येताच सगळ्यांच्या कागदांवर चार तासांची सही करून टाकली, आणि तासाभरात माझी बहीण मोटार घेऊन दारात हजर झाली. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात लेझीम होतं, त्याची तालीम होती. तेव्हा सही चार तासांची आणि काम एक तासाचं. ते तीन तास धरले तर बरोबर वीस भरत होते. सोडले तर सतरा. माहितीपत्रक दोन दिवसांत द्यायचं होतं.

वाचकहो, मी सत्तावीस वर्षं शिकवण्याचा धंदा करतो असं सांगायला आवडलं असतं; ती वर्षं वीसच आहेत. पण वीस वर्षांत मुलांना मी सत्यावर जितकी भाषणं दिली, त्यांतलं एकही त्या क्षणी मला आठवलं नाही. मला शाळेला उशीर होत होता. मी म्हणालो, "अगं, सही झाली आहे ना? तू काही मागितली नव्हतीस. त्या बाईंनी आपण होऊन केली. पुढच्या रविवारी तीन तास जास्त काम कर, म्हणजे झालं."

"ओके, मामा," ती म्हणाली. पण फोन ठेवताना तिचा चेहरा मोकळा झाला नव्हता.

त्या दिवशी दुसरा तास सातवीचा होता. स्मरणचित्राचा तास. मी फळ्यावर विषय लिहिला, 'आठवडे बाजार', आणि बाकांमधून फिरू लागलो. मुलांच्या बाजारात नेहमीच्याच गोष्टी असतात : फुगेवाला, तराजू, बैलगाडी, एका कोपऱ्यात कुत्रं. एका मुलीनं मात्र चित्राच्या मधोमध एक म्हातारी बसवली होती. पुढ्यात मेथीच्या जुड्या, डोक्यावर पदर, आणि उजवा हात जरा मोठाच झालेला. मी म्हणायला गेलो, 'हाताचं प्रमाण चुकलं आहे.' म्हणालो नाही. त्या हाताचा अंगठा मी ओळखत होतो.

१९९२ साली मी आठवीत होतो. शाळेत स्काउटचं पथक होतं आणि वर्षातून एकदा 'खरी कमाई'चा आठवडा येई. मुलांनी लोकांची लहानमोठी कामं करायची, त्याचे पैसे आणून शाळेत भरायचे. प्रत्येकाजवळ एक कार्ड : काय काम केलं, किती पैसे मिळाले, काम देणाराची सही. आज मनात येतं, भाचीच्या त्या सेवेच्या कागदात आणि आमच्या या कार्डात फरक काय होता? फक्त रुपयांच्या जागी तास आले.

माझ्या काकांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी मी कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. ते गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "कशाला उगीच राबतोस?" आणि एका दमात सहा ओळी भरल्या. दुकान झाडणे. गाठोडी उचलणे. काच पुसणे. सहांपुढं सह्या, आणि हातावर पन्नास रुपये. मी तो आठवडा विटीदांडू खेळण्यात घालवला.

माझा एक मित्र होता. एकाच बाकावर आम्ही बसत असू. त्याला गादीवर बसणारे काका नव्हते. गुरुवारी बाजाराच्या दिवशी एक म्हातारी एस. टी.नं भाजी घेऊन येई. तिच्या टोपल्या त्यानं स्टँडवरून बाजारात वाहून आणल्या, भाजीवर पाणी मारलं, संध्याकाळी रिकाम्या टोपल्या पुन्हा स्टँडवर पोचवल्या. तिनं त्याला पाच रुपये दिले. सही करायची वेळ आली तेव्हा ती अडली. मग शेजारच्या आडत्याच्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून तिनं तो कार्डावर उठवला. मी हे सगळं पाहिलं होतं. काकांच्या दुकानाच्या पायरीवर बसून कागदातली भजी खाता खाता पाहिलं होतं.

शनिवारी प्रार्थनेनंतर कार्डं तपासली. माझे पन्नास रुपये वर्गात सर्वांत जास्त निघाले. मित्राचं कार्ड पाहून सर म्हणाले, "ही सही आहे? अंगठा काय, कुणीही उठवील. हा तुझाच अंगठा आहे." तो म्हणाला, "नाही सर, म्हातारीचा आहे." सर म्हणाले, "कोण म्हातारी? नाव काय तिचं?" तो गोंधळला. सगळी शाळा समोर बसलेली. सरांनी कार्ड फाडलं, आणि खोटं बोलणारा स्काउट कसा दिसतो हे सर्वांना बघता यावं म्हणून त्याला पुढं उभं केलं. त्याच्या शेजारी मला उभं केलं, आणि खरी कमाई कशी असते याचा नमुना म्हणून एक शाईचं पेन दिलं. टाळ्या झाल्या.

मी बोललो असतो तर काय झालं असतं? 'सर, मी पाहिलं आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण सर म्हणाले असते, 'असं? आण पाहू तुझंही कार्ड,' आणि सहा सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत केलेल्या होत्या. मी गप्प राहिलो. नववीत त्यानं शाळा सोडली. घरची परिस्थितीच तशी होती, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. आणि ते खोटंही नाही. मी दहावी झालो, आणि माझ्या दाखल्यावर लिहिलं गेलं, 'वर्तणूक : चांगली.'

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आईला नाही, बायकोला नाही. कादंबरीकार माणूस स्वतःच्या सगळ्या लबाड्या पात्रांच्या नावावर खपवतो. ही तीही तशी खपवता आली नव्हती. त्या रात्री मी घड्याळ लावून उठलो, तिकडची दुपार गाठली, आणि शाळेतून नुकत्याच घरी आलेल्या माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीला ती सांगितली. सकाळी दिलेला सल्ला मी मागं घेतला नाही. नवा सल्लाही दिला नाही. गोष्ट सांगितली आणि थांबलो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या फ्रेंडला कुणी विचारलंच नाही? म्हणजे त्याची साइड?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या सल्लागार शिक्षिकेकडं गेली आणि हकिकत सांगितली. बाईंनी तिचे आभार मानले, चाराचा आकडा खोडून एक लिहिला आणि खाली सही केली. तास सतरा भरले. वीस नव्हते, म्हणून तिचं नाव त्या वर्षी पाच शिक्षकांपुढं गेलंच नाही. खरं बोलली म्हणून तीन तास माफ, असं काही झालं नाही. कादंबरीत मी नक्की तसं केलं असतं. पण नियम तो नियम. आणि विचार करता वाटतं, बाईंनी केलं तेच बरोबर होतं. खरं बोलण्याला बक्षीस लागलं असतं तर त्याचीही नोंद करायला एक रकाना निघाला असता.

बहीण मात्र माझ्यावर फार रागावली. तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. "दादा, तुला कळतं का रे? कॉलेजच्या अर्जात हे लिहायचं असतं. इथली सगळी मुलं लिहितात. तीन तासांसाठी तू माझ्या मुलीचं वर्ष घालवलंस! आणि त्या दिवशी तिला तिथून उठवून नेलं ते मी. म्हणजे वाईट कोण झालं? मीच ना?" तिच्या या शेवटच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मेहुणे हिशेबी माणूस. मागून त्यांचा आवाज आला, "अगं, तीन तास म्हणजे तीन तासच की." त्यावर त्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. पुढं महिनाभर बहीण माझ्याशी बोलली नाही. गटावर मी पाठवलेल्या गुढीच्या चित्रालासुद्धा तिनं हात जोडले नाहीत.

ज्यांची निवड होत नाही त्यांचा पुढल्या वर्षी पुन्हा विचार होऊ शकतो. भाची त्याच फूड पॅन्ट्रीत जात राहिली. आत शिरताच सही करणाऱ्या बाईंना ती म्हणे, "जाताना करा." वीस तास पुरे झाल्यावरही ती जात होती का, असं कुणी विचारील. काही रविवारी गेली, काही रविवारी दुपारपर्यंत झोपली. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला संत करण्याचा माझा विचार नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, अखेर व्हिसा हातात पडल्यावर, मी एडिसनला पोचलो आणि तिच्या शपथविधीला हजर राहिलो. संध्याकाळी सात वाजता शाळेच्या सभागृहात समारंभ होता. बहीण पैठणी नेसली होती आणि मी, वाचक हसतील, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात घालायचा कोट घातला होता. व्यासपीठावर एका टेबलावर चार मेणबत्त्या मांडलेल्या. मंडळाचा एकेक जुना सभासद पुढं येई, एका खांबाबद्दल चार शब्द बोले आणि एक मेणबत्ती लावी. मेणबत्त्या विजेच्या होत्या. आगीच्या नियमामुळं सभागृहात खऱ्या ज्योतीला परवानगी नव्हती. मग नव्या मुलांची नावं पुकारली. चिनी, कोरियन, गुजराथी, तेलुगू, आफ्रिकन, आयरिश, सगळ्या जगाची आडनावं बिचाऱ्या मुख्याध्यापिकेच्या जिभेवरून एकेक करून घसरत होती. आमच्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला. तरी भाची उठली, पुढं गेली, नोंदवहीत तिनं सही केली, बाईंनी तिच्या कपड्यावर लहानशी पिन लावली. शेवटी सगळ्या मुलांनी उजवे हात वर करून शपथ घेतली.

चारित्र्याच्या मेणबत्तीशी बोलणारा मुलगा काय बोलला, ते मला नीट कळलं नाही; त्याचं इंग्रजी भरभर होतं. मी बहिणीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "दादा, गेल्या वर्षी आली असती ना, तर मला इतका आनंद झाला नसता." मग लगेच स्वतःला सावरून म्हणाली, "पण वर्ष गेलंच ते गेलंच!"

रात्री घरी आल्यावर आम्ही मागच्या अंगणात बसलो. मे महिना असूनही मला स्वेटर घालावा लागला. भाची पिन हातात घेऊन फिरवत होती. एकाएकी म्हणाली, "मामा, तू तुझ्या फ्रेंडला सांगितलंस?"

"काय?"

"की तू पाहिलं होतंस."

मी म्हणालो, तेहेतीस वर्षं झाली. तो आता मोठा व्यापारी आहे. आम्ही रस्त्यात भेटतो, रामराम होतो. कशाला जुनं उकरायचं? तिनं माझ्याकडं फक्त पाहिलं. तीन तासांसाठी मी एक वर्ष थांबले, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी मार्केट यार्डात गेलो. माझ्या मित्राची तिथं भाजीची आडत आहे. सकाळचा लिलाव संपला होता, जमिनीवर कोथिंबिरीच्या काड्या पडल्या होत्या, आणि तो टेबलाशी बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करत होता. टेबलावर वह्या, कॅलक्युलेटर आणि एक शाईचं पॅड. माझ्यापुढं एका वयस्क बाईंनी पैसे मोजून घेतले, पॅडवर अंगठा टेकवला आणि वहीत उठवला. त्यानं एक फडकं त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी अंगठा पुसला आणि त्या गेल्या.

मी बसलो. पाऊस-पाणी झालं, मुलाबाळांची चौकशी झाली. मग मी सांगितलं. दुकानाची पायरी, भजी, काकांच्या सहा सह्या, शनिवारची प्रार्थना. सांगताना माझा आवाज मास्तरासारखा येत होता. मला तो बदलता येईना.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू पायरीवर बसला होतास, ते मी तेव्हाच बघितलं होतं. शनिवारी तुझ्याकडं बघत होतो मी. वाटलं, हा बोलेल."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "शाळेचा दाखला मी न्यायला गेलोच नाही. लागलाच नाही कधी." आणि पोराला हाक मारून त्यानं दोन चहा सांगितले. त्यानं मला माफ केलं का? तसं काही तो बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. चहा प्यालो. उठताना त्यानं मेथीच्या दोन जुड्या पिशवीत घातल्या आणि पैसे घेतले नाहीत.

या दिवाळीत मी त्याला सहकुटुंब फराळाला बोलावलं आहे, आणि तो येतो म्हणाला आहे. भाचीला हे कळवलं, तेव्हा तिनं त्या वेळी फोन लावायचं कबूल करून घेतलं. तिला त्याच्याशी बोलायचं आहे. मला जरा धास्ती वाटली. विचारलं, "काय बोलणार आहेस?"

ती म्हणाली, "काही नाही. त्या आजींचं नाव काय होतं, ते विचारायचं आहे."

तेहेतीस वर्षं मी त्या अंगठ्याचा विचार करत होतो. म्हातारीचं नाव विचारावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.